झाकली मूठ

आईचा फोन कामापुरता असतो. "कधी येतोस?", "आज सुरमई बरी मिळाली", "अमक्याचं बारावं आहे, तोंड दाखवून ये." त्यामुळे गेल्या वर्षी गणपतीच्या तीन आठवडे आधी ती म्हणाली, "त्या सायकलचं काळं काळं हाताला लागतंय. लोक येतील आता, तेवढी मूठ बदलून दे," तेव्हा मला दोन गोष्टींचं नवल वाटलं. आईने स्वतःहून काहीतरी मागितलं, हे एक. आणि ती सायकल खरोखरच वापरते, हे दुसरं.

सायकल म्हणजे व्यायामाची, एका जागी उभी. पायडल मारलं की पुढचं चाक पंख्यासारखं फिरतं आणि पायांबरोबर हातांचे दोन्ही दांडेही पुढे-मागे होतात. टाळेबंदीच्या थोडं आधी आई न्हाणीघरात घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. सहा आठवडे प्लास्टर. ते निघतंय तोवर सगळी मुंबईच घरात बसली, तिचं खाली उतरणं थांबलं, गुडघे आखडले. डॉक्टर फोनवर म्हणाले, हातपाय हलते ठेवा. मी त्याच रात्री सायकली बघायला लागलो आणि २०२१ च्या जानेवारीत एक मागवली. काळजी वाटली की वस्तू घ्यायची, ही माझी जुनी खोड.

आई राहते लालबागजवळ, गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होतो. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही, आणि वडीलही पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. लॉटरीत घर लागलं, चावी हातात आली, तोवर ते नव्हते. घर २२५ चौरस फुटांचं. खिडकीशी आईची खाट, दुसऱ्या टोकाला न्हाणीघर, मधे धाकट्या भावाची गादी, देव, फ्रिज, टीव्ही. यात सायकल ठेवायची म्हणजे बैठ्या खोलीत बैल बांधायचा. मी ती फ्रिजच्या बाजूला सरकवत होतो, तर आई म्हणाली, "तिथे नको. इथे ठेव." इथे म्हणजे खाट आणि न्हाणीघर यांच्या बरोब्बर मधे, वाटेत. मला वाटलं, टीव्ही नीट दिसावा म्हणून असेल.

पुढे रोजच्या फोनमध्ये एक प्रश्न वाढला. "सायकल मारलीस?"

"मारली. दहा मिनिटं."

चार वर्षं हा संवाद असाच. मला बरं वाटायचं, तिलाही सुटल्यासारखं होत असणार.

तर त्या रविवारी बोरिवलीहून फास्ट पकडून दादर, पूल ओलांडून स्लो, करी रोडला उतरलो. सायकल पाहिली. उजव्या दांड्यावरचा काळा फोम वरवर धड दिसत होता, पण अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला आणि नखात काजळासारखं काहीतरी आलं. चिकटपणा जावा म्हणून आईने त्यावर टाल्कम पावडर फासलेली होती, त्यामुळे तो दांडा काळा-पांढरा, म्हाताऱ्या बोक्यासारखा झालेला. डावा दांडा मात्र दिसतच नव्हता. त्यावर जुन्या साडीची पट्टी गुंडाळलेली होती. हिरवी, मरून काठाची. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. गुंडाळणी साधीसुधी नव्हती, दर वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढलेला, बॅटच्या दांड्याला दोरा गुंडाळतात तशी घट्ट, आणि शेवटचं टोक आत खोचून वर चार टाके. तरी कापडातून काळं पाझरलं होतंच. "चिकटायला लागलं म्हणून बांधली," आई म्हणाली. डाव्या दांड्याच्या खालच्या अंगाला परकराची एक नाडी होती, ती सीटखालच्या नळीला बांधलेली. काहीतरी वाळत घालत असेल, असं मी धरून चाललो. न्हाणीघराच्या दिव्याच्या बटनाभोवती, दाराच्या चौकटीवर बोटांचे काळे ठसे. त्यावरून मी तिला बोललोसुद्धा. "हात धुवून जात जा की गं." ती काही बोलली नाही.

फोमचं असं का होतं, हे मला थोडंफार माहीत आहे. शिक्षण रसायनशास्त्राचं, नोकरी विम्याची, त्यामुळे असलं ज्ञान बाहेर काढायची संधी क्वचित मिळते. या मुठींवर जे मऊ काळं असतं ते कधी नायट्राइल रबराचा फोम असतो, कधी ईव्हीए, कधी नुसतंच मऊ केलेलं पीव्हीसी, कधी पॉलियुरेथेन. ज्याची त्याची मरायची रीत वेगळी. नायट्राइल रबराच्या लांब साखळ्या ऊन आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे एकमेकींत नको तितक्या जोडल्या जातात, मग पृष्ठभाग कडक होतो, तडकतो, भुगा पडतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळतात, ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येत राहतं आणि मूठ चिकट होते. पॉलियुरेथेनला तर नुसती दमट हवा पुरते, पाण्याची वाफच त्याचे जोड सोडवते. माळ्यावर खोक्यात जपून ठेवलेले बूट चार पावसाळ्यांनी काढावेत आणि तळवे बिस्किटासारखे हातात यावेत, हा अनुभव मुंबईत कुणाला नाही? बूट न घालताच झिजतात. त्यात हाताचा घाम, तेल, आणि आईच्या बाबतीत रोज रात्री चोळायचा बाम.

नवी मूठ घ्यायची तर माप हवं. व्हर्नियर माझ्याकडे नव्हता. उघड्या उजव्या दांड्यावरचा थोडा फोम मागे सारून आतल्या लोखंडी नळीभोवती आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा एकदा फिरवला, जुळला तिथे शाईची खूण केली आणि दोरा पट्टीवर धरला. ८० मिलिमीटरला किंचित कमी. भागिले ३.१४, म्हणजे साधारण २५. एक इंची नळी. साध्या सायकलचा हँडल बहुधा २२ मिलिमीटरचा असतो, म्हणून सायकलच्या दुकानातली ग्रिप याला चढत नाही, हे आधी कळलं असतं तर माझी एक फेरी वाचली असती.

ज्या कंपनीची सायकल, तिच्या ग्राहक सेवेला फोन केला. मुलगी गोड बोलली. नुसती ग्रिप मिळत नाही सर, पूर्ण हँडल असेंब्ली घ्यावी लागेल, आणि ती या मॉडेलची आता येत नाही. धोबीतलावला खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे गेलो. त्यांनी बॅटच्या रबरी ग्रिप दाखवल्या, ती चढवायचा लाकडी कोनही दाखवला. मन भरकटलं. लहानपणी गल्लीतल्या बॅटला आम्ही सायकलची ट्यूब चढवायचो, थुंकी लावून. पण बॅटची ग्रिप पातळ, आईच्या बोटांना ती दोरखंडासारखी लागली असती.

शेवटी एका शनिवारी नागदेवी स्ट्रीट.

मस्जिद स्टेशनला पश्चिमेला उतरून माणसांच्या लोंढ्याबरोबर वाहत गेलं की हे गाव लागतं. पंप, बेअरिंग, पट्टे, पाइप, वॉशर. एकेका दुकानात एकच जिन्नस, पण त्याचे हजार आकार. मला तिथे गेलं की उगाच आदर वाटतो. मॉलमध्ये माणसाला काय हवंय ते दुकान ठरवतं, इथे तुम्हाला काय हवंय ते तुम्हालाच ठाऊक असावं लागतं, नाहीतर वेळ घालवू नका. रबराच्या दुकानातल्या शेठनी मान वर न करता विचारलं, "आयडी बोलो." आयडी म्हणजे आतला व्यास. ओडी म्हणजे बाहेरचा. मी म्हणालो, पच्चीस. "नली पच्चीस है तो आयडी बाईस लो. ढीला नहीं चलेगा, घूमेगा." मी शेजारी उभ्या केलेल्या लांब काळ्या नळ्यांकडे बोट दाखवलं, दिसायला हुबेहूब सायकलच्या फोमसारख्या. शेठ हसले. त्या एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवायच्या. जात तीच, नायट्राइल, पण भुसभुशीत, हाताखाली पंधरा दिवसांत फाटणार. "हाथ का माल अलग आता है." मग आतून त्यांनी काढली ती दाट, आडव्या बारीक रेघांची मूठ, एक बाजू बंद. "फोम मत लो. बंबई में फोम नहीं टिकता." जोडीचे दीडशे रुपये. एवढ्याशा गिऱ्हाइकालाही त्यांनी बिल फाडून दिलं.

बाहेर हातगाड्यांनी रस्ता तुंबला होता म्हणून मी कडेला उभा राहिलो, आणि अगदी नाकासमोर एका हातगाडीचा दांडा आला. त्यावर सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळलेली. हमाल जिथे धरतो तेवढीच वीतभर जागा, दोन्ही बाजूंना. मधे नाही. पुढच्या गाडीवर गोणपाट होतं, त्याच्या पुढच्या गाडीवर नुसतंच लाकूड, पण ते त्या दोन जागी असं काळं आणि गुळगुळीत की तेल पाजल्यासारखं. आमच्या लालबागच्या व्यायामशाळेतल्या करेलांच्या, म्हणजे व्यायामाला फिरवायच्या जड लाकडी मुद्गलांच्या, मुठी अशा होत्या. तिसऱ्या पिढीची पोरं फिरवत होती, कुणी त्या बदलल्याचं ऐकलं नाही.

घरी येताना गाडीत विचार करत होतो की 'ग्रिप' हा शब्द मी आठवडाभर वापरला, आणि आईने पहिल्याच वाक्यात 'मूठ' म्हटलं होतं. तिच्यासाठी ही नवी वस्तूच नाही. कोयत्याला मूठ, खोऱ्याला दांडा, जात्याला खुंटा. खुंटा सैल झाला की चिंधी लावून ठोकायचा, हे तिला सहाव्या-सातव्या वर्षापासून येतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी कटर, फडकं, साबणाचं पाणी घेऊन बसलो. उजवी मूठ पाच मिनिटांत निघाली. लांबीत चीर दिली आणि केळ्यासारखी सोलली. खाली गोंदाचा काळा थर राहिला. मी थिनर शोधत होतो, आईने खोबरेल तेलाची बाटली पुढे केली. तेलाने थर लोण्यासारखा सुटला. मग ते तेलही साबणाने धुऊन नळी कोरडी केली, नाहीतर नवी मूठ आयुष्यभर गरागरा फिरत राहिली असती. नव्या मुठीत साबणाचं पाणी फिरवलं आणि एका दमात ढकलली. मधे थांबायचं नाही, थांबलं की ती तिथेच बसते. पाणी सुकलं की पकड येते.

मग डावी. चार टाके उसवले, पट्टी सोडवली. एकावर एक तीन थर होते. सगळ्यात आतली पट्टी दुसऱ्याच साडीची, खूप आधीची. म्हणजे हे बांधणं एकदाचं नव्हतं, वर्षानुवर्षांचं होतं. आणि आत फोम जवळजवळ नव्हताच. म्हणजे एका बाजूला होता. सायकलवर बसून दांडा धरला तर तळवा मागून येतो, बोटं पुढे वळतात, झीज तिथे व्हायला हवी. इथे ती बाजू कोरी होती, दुकानातून आल्यासारखी. झिजली होती ती बाहेरची बाजू, खाटेकडची, आणि वरचं टोक. चार बोटांच्या चार खाचा, त्यासुद्धा तिरक्या, वरून खाली दाबल्यासारख्या. फोम संपून नळीचा रंगही उडाला होता आणि लोखंड दिसत होतं.

मी सायकलच्या बाहेर, खाटेच्या बाजूला उभा राहिलो आणि त्या खाचांवर हात ठेवला. हात बसेना. खाली वाकलो. तरी नाही. मग खाटेच्या कडेवर बसलो आणि तिथून हात लांबवला. चारही बोटं बरोबर आपापल्या जागी गेली.

तेव्हा ती नाडी दिसली. म्हणजे दिसत होतीच. दांडा हलू नये म्हणून बांधलेली. या सायकलचा दांडा आणि पायडल एकमेकांना जोडलेले असतात, एक बांधलं की दुसरंही जागचं हलत नाही. नाडीची गाठ काळी पडून दगडासारखी झाली होती. ती गाठ कधीच सुटलेली नव्हती.

"आई, तू सायकल शेवटची कधी मारलीस?"

ती तांदूळ निवडत होती. "मारते की."

"नाडी बांधून?"

थोडा वेळ ताटलीतले खडे वाजले. मग ती म्हणाली, "पाय भरून येतात रात्री. उठताना काहीतरी धरायला लागतं."

"आणि पडलीयस का परत?"

आई शहरातली मराठी बोलते, राग आला की थेट सावंतवाडीला पोचते. "माका काय झाला नाय. तू गप रव."

धाकट्याला फोन लावला. तो छापखान्यात रात्रपाळीला, संध्याकाळी जातो तो सकाळी येतो. त्याला म्हणे एवढंच माहीत होतं की आई सायकल जागची हलवू देत नाही. दोनदा पडली होती हे आम्हाला शेजारच्या वहिनींनी सांगितलं, तेही आईने शपथ घातली होती म्हणून चोरून. भिंतीवरचे काळे ठसे मी फडक्याने पुसले. पुसताना त्यांची उंची पाहिली. सरळ चालणाऱ्या माणसाचा हात भिंतीला इतक्या खाली लागत नाही.

पुढच्या आठवड्यात तिला फिजिओथेरपीला नेलं. तिथे हातात धरून दाबायचं एक यंत्र असतं, पकड किती किलोची ते त्यावर दिसतं. म्हाताऱ्या माणसाच्या हाताची पकड मोजली की सगळ्या अंगातल्या स्नायूंचा अंदाज येतो म्हणतात. आशियाई निकषांत बायकांना १८ किलोच्या खाली गेलं की डॉक्टर लक्ष घालतात. आईचा डावा हात १३, मोडलेला उजवा ११. "आजी, जोर लावा," ती मुलगी म्हणाली. आई म्हणाली, "लावला तेवढाच आहे, बाय." त्या मुलीने खुर्चीतून उठण्या-बसण्याचे व्यायाम दिले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हलणाऱ्या वस्तूचा आधार नको. भिंतीला पकडदांडा बसवा, जाडी साधारण ३५ ते ४० मिलिमीटर, आणि तो अंगाचा भार घेईल असा.

इमारतीतला मिस्त्री आला, त्याने बोटाच्या सांध्याने भिंत वाजवली. हलक्या ब्लॉकची भिंत. साधा प्लग इथे धरत नाही, स्क्रू भुशात रुतल्यासारखा सैल होतो. लांब नायलॉनचे प्लग आणून सहा ठिकाणी भोकं पाडली, मग मी त्या दांड्याला अक्षरशः लोंबकळून पाहिलं. हलला नाही. चकचकीत स्टीलचा, खाटेपासून न्हाणीघरापर्यंत. आईने लांबूनच पाहिला. "हॉस्पिटलासारखं दिसतं," म्हणाली. "लोक विचारतील."

सायकलचं काय करायचं यावर मी आणि धाकट्याने गच्चीवर जाऊन चर्चा केली. काढायची, असं ठरवून खाली आलो आणि दोघांनीही तिच्यासमोर विषय काढला नाही. त्याऐवजी मी पायडलं काढून टाकली, तिच्या पोटऱ्यांवर त्यांचे जुने व्रण होते. नाडी कापली आणि तिच्या जागी नळीला नळी पकडणारा लोखंडी क्लॅम्प आवळला. मागचा पाय भिंतीला टेकवून खाली रबर घातलं. नवी डावी मूठ चढवली. आता ती सायकल राहिली नव्हती, हे खरं.

गणपतीच्या आदल्या रात्री मी तिथेच झोपलो, धाकट्याच्या गादीवर. खाली मंडळांची लगबग, ट्रकांचे आवाज. अडीचच्या सुमारास खाट वाजली. मी डोळे मिटून पडून राहिलो. बराच वेळ काही नाही, मग नव्या रबराचा चुर्र असा आवाज. आई थांबली. "मेला, ओरडतो," असं पुटपुटली. मग पावलं, एक, दोन, पुन्हा थांबणं, दिव्याचं बटन.

दीड दिवसाचा गणपती झाला. लोक आले, मोदक झाले, सायकलवर एक चादर टाकलेली होती आणि तिला कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी गेलो. पकडदांड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत टॉवेल, धाकट्याची पँट आणि दोन ब्लाउज वाळत होते. सायकलच्या डाव्या मुठीवर साडीची पट्टी होती, निम्मा वेढा वेढ्यावर चढवलेली, टोकाला चार टाके. या वेळची जांभळी.

"आता तर काळं लागत नाही ना," मी म्हणालो.

"नाही. गार लागते पण," आई म्हणाली. "चहा टाकू?"